सरासरीवर बेतलेलं

डॉक्टरीण 'सरासरी' म्हणाली आणि कातरबाईंनी मांडीवरच्या पर्सची चेन ओढली. ओढली ती इतक्या जोरात की चेनचा एक दात निसटला, त्याच्यामागून बाकीचे एकेक करत सुटत गेले आणि पर्स आ वासून बसली. डॉक्टरीण तरुण होती. नखं स्वच्छ कापलेली, आणि वाईट बातमी सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असं कुणीतरी शिकवलेलं, म्हणून ती बघत होती. फुफ्फुसं आखडत चाललीयेत, ती म्हणाली. जन्मभर कापडाची धूळ नाकातोंडात गेली की होतं असं. औषधानं वेग कमी होतो, पण आखडलेलं परत सैल होत नाही. हे बाईंना लगेच कळलं, आटलेलं कापड ताणून कधी पुरं पडत नाही हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुढचं त्यांनी विचारलंच नव्हतं. पण लोक विचारतातच, म्हणून डॉक्टरणीनं आपणहून सांगून टाकलं, "अशा अवस्थेत सरासरी अडीच-तीन वर्षं धरतात." "सरासरी," बाई म्हणाल्या. "हो, म्हणजे साधारणपणे…" "अर्थ माहितेय मला. तुमच्या कोटाचा खांदा उतरलाय बघा. मध्यम मापाचा उचललात ना?" डॉक्टरणीनं खरंच आपल्या खांद्याकडे पाहिलं. तेवढ्यात बाई उघडी पर्स पोटाशी धरून बाहेर पडल्या, आणि दाराबाहेर आल्यावर भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. दमामुळे नव्हे. दम तर नेहमीचाच होता. तो शब्द गेली कित्येक वर्षं त्यांच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. पंख्याच्या वेगाबद्दल नाही, दुधाबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. एखाद्या घरात मेलेल्याचं नाव घेत नाहीत, तसा.

रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं आपापल्या कामाला चालली होती. बाईंची नजर सवयीनं त्यांच्या पाठींवर गेली. जन्म असाच गेला होता, चेहऱ्याआधी पाठ, नावाआधी छाती-कंबर. हा डावा खांदा पाडून चालतो, हिची कंबर मागून उंच आहे, ह्याला बाहीत अर्धं बोट जास्त लागेल. कातरबाई हे नाव कामगारांनी ठेवलं होतं, बाईंच्या पाठीमागे. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, कातर तर कातर, तुमच्यासारखी बोथट तरी नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही चौथीची परीक्षा न देता. पण कारखान्यातलं बेतायचं काम सगळं त्यांचं. नवरा शिवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत आणि तो खरंच मशीनवर बसला की मास्तरासारखा दिसायचा, चष्मा नाकावर, ओठांत टाचण्या. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, दुकानांचे गणवेश त्यांच्याकडे यायचे. ऑर्डरीबरोबर कागद असायचा, छोटे इतके, मध्यम इतके, मोठे इतके. बाई तो कागद घडी करून टेबलाच्या हलत्या पायाखाली सारायच्या आणि टेप घेऊन स्वतः जायच्या, एकेकाला उभं करून माप घ्यायच्या. व्यवस्थापक कुरकुरायचे. "मध्यम नावाचा माणूस मला दाखवा," बाई म्हणायच्या, "त्याला मी फुकट शिवून देते." असा माणूस कुणी आणला नाही. आणि त्याच बाईंनी… पण इथपर्यंत आलं की विचार नेहमी दुसरीकडे वळायचा. आजही वळला. समोर बस येऊन उभी होती, तिच्यात त्या चढल्या. घराची बस नव्हती ती. चढल्यावर कळलं, थोरल्या लेकीच्या संस्थेकडे जाणारी.

थोरलीशी बोलणं बंद नव्हतं. बंद असतं तर एका परीनं सोपं गेलं असतं, निदान त्याला भांडण म्हणता आलं असतं. थोरली आठवड्याला यायची, गोळ्या संपल्यात का बघायची, फ्रिजचं दार नीट लागत नाही म्हणायची. बाई म्हणायच्या, जेवून जा. ती म्हणायची, खाऊन आलेय. दोघींच्या मध्ये स्वच्छ पुसलेलं टेबल असावं तसं सगळं होतं, कशालाच धक्का लागत नव्हता. तिच्या कामाचं मात्र कधी निघत नसे. शेजारणीनं विचारलंच तर बाई सांगायच्या, "शिकवते. काय शिकवते ते तिलाच विचारा, माझ्या डोक्यावरून जातं." हे खरं नव्हतं. ती काय शिकवते ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. ती त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच टेबलाखाली बसून ते शिकली होती.

खिडकीतून दुकानं मागे सरकत होती आणि बाईंना मशीनचा आवाज ऐकू येत होता. थोरली तेव्हा फ्रॉकातली. मास्तरांची सुई मोडली की ती तुटका तुकडा शोधून आणायची, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून ते काम तिच्याकडे होतं. एकदा तिनं बापाला विचारलं, "बाबा, सुई किती दिवस टिकते?" मास्तर ओठांतल्या टाचण्या सांभाळत म्हणाले, "टिकते तोवर टिकते." दुसऱ्या कुठल्या पोरानं नाद सोडला असता. हिला ते उत्तर फार आवडलं. नवी सुई आणि महिनाभर चाललेली सुई शेजारी शेजारी लागल्या तर आधी कुठली मोडेल, हे तिनं कितीतरी दिवस बघितलं आणि एक दिवस जेवताना जाहीर केलं की जुनीला आपण जुनी आहे हे आठवतच नाही. जाड शिवण आडवी आली की मोडते, मग ती कालची असो की मागच्या महिन्यातली. मास्तर हसून हसून ठसकले. "म्हणजे सुई विसरभोळी," ते म्हणाले. बाई म्हणाल्या होत्या, "विसरभोळी सुई नाही, तू आहेस. दप्तर कुठंय?" आता वाटतं, तेव्हा नुसतं हसायला काय झालं होतं. दप्तर कुठं जाणार होतं. पण बाईंना त्या वयात हसायला वेळ नसे. हसणं हे सगळं काम संपल्यावर करायची गोष्ट, आणि काम कधी संपतच नव्हतं. त्यामुळे घरातलं हसणं सगळं मास्तरांच्या वाट्याला गेलं आणि पोरं त्यांच्याकडे गेली. त्याचाही राग बाईंनी पोरांवरच काढला.

धाकट्याचं तर वेगळंच. त्याला मशीनचा आवाज सहन व्हायचा नाही. जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करायला गेला, तिथं काय शांतता असते म्हणे. जायच्या आदल्या दिवशी बापलेकांची जुंपली आणि कधी आवाज न चढवणारे मास्तर म्हणाले, "जा. ह्या घरात तुझं माप राहिलं नाही आता." शब्द तोंडातून गेला आणि मास्तरांचाच चेहरा पडला, हे बाईंनी पाहिलं होतं. पोरानं नाही पाहिलं. तो पिशवी भरत होता. मग फोन यायचे, बाईंशी बोलायचा, बाबा कसे आहेत विचारायचा. बाबा शेजारीच बसलेले असायचे. दोघांनाही एकमेकांचा आवाज ऐकू यायचा आणि दोघंही बाईंच्या मधून बोलायचे, दुभाषी ठेवावा तसे.

आणि मग मास्तरांच्या पोटात गाठ निघाली. तेव्हाचा डॉक्टर म्हातारा होता आणि कामात होता, त्यानं कागदाकडे बघत काहीतरी सांगितलं. बाईंनी घरी येऊन थोरलीला पकडलं. तिची नुकती संस्थेत नोकरी लागलेली. यंत्रं कधी बिघडतील, रांगेत माणूस किती ताटकळेल, दिवा कधी विझेल, असल्या गोष्टींचं गणित मांडून लोकांना सांगायची. लांबून माणसं तिला विचारायला येत. "तू लोकांच्या दिव्यांचं सांगतेस," बाई म्हणाल्या, "आता बापाचं सांग." थोरली नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. मग बेतायच्या टेबलावर तिनं खुणेच्या खडूनं एक रेघ काढली. सुरुवातीला झपकन वर चढणारी, लगेच खाली येणारी, आणि मग उजवीकडे लांबच्या लांब, टेबलाच्या कडेपर्यंत बारीक होत गेलेली. "हे बघ आई. समजा ह्या दुखण्याची पुष्कळ माणसं आहेत. निम्मी ह्या इथं, अगदी सुरुवातीलाच…" ती थांबली. "आणि थोडी माणसं इकडे, लांब शेपटीत. ती वर्षं वर्षं काढतात. त्या थोड्यांमुळे सरासरी पुढे ओढली जाते. म्हणून सरासरीवर जाऊ नकोस. सरासरी जिथं आहे तिथं पोचायच्या आधीच बहुतेक लोक…" बाईंना तो डोंगरही दिसत होता आणि शेपटीही दिसत होती. पण त्यांना दिसायला नको होतं. हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं. "समजा-बिमजा नको. ही रांगोळी पुसून टाक, उद्या त्यावर कापड पसरायचंय. मला आकडा सांग." "आई, एक आकडा नसतो." "सगळ्याला आकडा असतो. छातीला असतो, कंबरेला असतो. नसेल येत तर नाही येत म्हण, एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं म्हणू." थोरली कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. ते बाईंनी पाहिलं आणि तरी हात पुढे करून बसल्या, उसने दिलेले परत मागावेत तशा. "सहा महिने," थोरली म्हणाली. "सरासरी."

झालं. तो शेवटचा शब्द बाईंनी ऐकलाच नाही, किंवा ऐकला आणि कापडाचा कापलेला काठ टाकून द्यावा तसा टाकून दिला. सहा महिने हातात आले आणि बाईंनी ते पसरले, हातानं सारखे केले आणि बेतायला घेतले. पहिले दोन महिने दवाखान्याच्या मोठ्या ऑर्डरीचे, ती हातावेगळी करायची. मग मास्तरांना हवापालट. धाकट्याचं जहाज चौथ्या महिन्याच्या अखेरीस किनाऱ्याला लागत होतं, तेव्हा त्याला बोलवायचं, आत्ता घाबरवून काय उपयोग, करार मोडून आला तर नोकरी जाईल. म्हणजे उरलेले दोन महिने बापलेकांना. दोन महिन्यांत तो मापाचा शब्द दोघं मिळून विसरतील, हेही बाईंनी धरलं होतं. कुठंही जोड नाही, कुठंही तुकडा वाया नाही. मास्तर उशीला टेकून विचारायचे, "धाकटा कधी येतोय?" "येईल हो. वेळ आहे अजून." परत विचारायचे. "वेळ आहे." एकदा ते म्हणाले, "नुसता फोन लावून दे ना, मी बोलतो." तेव्हा बाईंच्या हातात कातर होती आणि समोर दुहेरी कापड. "समोरासमोर बोला की आला म्हणजे. फोनवर काय बोलणार, तुम्हाला दोघांनाही जमायचं नाही." मास्तरांनी नंतर विचारायचं सोडून दिलं. त्यांना कळलं असावं. पहिला महिनाही पुरता उलटला नव्हता, दुपारी बाई बाह्या बेतत होत्या आणि आतल्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. काहीच आवाज येत नाहीये, हे लक्षात यायलाही बाईंना थोडा वेळ लागला.

जिनं जन्मात कुणाचा सदरा सरासरीवर बेतला नाही तिनं नवऱ्याचं मरण सरासरीवर बेतलं. आणि ते ज्याच्या जिवावर बेतायचं त्याच्या बेतलं. हे वाक्य बाईंना बसमध्ये सुचलं नव्हतं. ते आत कित्येक वर्षं पडून होतं, फक्त त्याच्यावरचं झाकण आज सकाळी एका उतरल्या खांद्याच्या पोरीनं काढलं. धाकटा आला तो सगळं आटोपल्यावर. बुटांसकट आत आला, रिकाम्या पलंगाकडे बघितलं. "मला का नाही कळवलं?" आणि बाई म्हणाल्या, "सहा महिने आहेत म्हणून सांगितलं होतं." "कुणी?" त्या क्षणी खोलीत तिघंच होते. थोरली मोरीपाशी कप विसळत होती. पाण्याचा आवाज चालू होता. बाईंना एवढंच म्हणायचं होतं की मी मागितले, मी काढून घेतले. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "तुझ्या ताईनं. ती शिकलेली ना." थोरली वळली नाही. कप विसळून झाला होता, तो ती परत विसळायला लागली. ती काहीतरी बोलेल, भांडेल, तिची बाजू मांडेल, मग आपण सावरून घेऊ, असं बाईंना वाटलं होतं. ती बोललीच नाही. तेव्हा नाही आणि त्यानंतरही नाही. धाकट्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. तिचा फोन तो उचलत नाही. बाईंना मात्र नेमानं करतो, जहाजातला आवाज मागे घुमत असतो, आणि कधीच 'ताई कशी आहे' म्हणत नाही. ह्या अबोल्यात दुभाषीही लागत नाही.

संस्थेच्या दारावरच्या रखवालदारानं अडवलं. "कुणाला भेटायचंय आजी?" "आजी तुमच्या घरी. माझी मुलगी इथं शिकवते." "कुठल्या विभागात?" बाईंना सांगता येईना. "कोण कधी मरेल ते सांगतात त्या विभागात." रखवालदार हसला. "असा विभाग असता तर इथं रांग लागली असती." "म्हणूनच रांगेचंही तीच सांगते," बाई म्हणाल्या आणि त्याला पुरतं कळायच्या आत पुढे गेल्या. जिना चढताना तीनदा थांबावं लागलं. प्रत्येक वेळी त्यांनी कठड्यावरून खाली काहीतरी बघत असल्यासारखं केलं. वरच्या मजल्यावर लांब गार बोळ होता आणि एका अर्धवट उघड्या दारातून थोरलीचा आवाज येत होता. बाई दाराशेजारच्या बाकावर बसल्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. घरी येते ती थोरली हळू बोलते, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडते. ही मोकळी बोलत होती, मध्येच कुणाला तरी टोमणा मारत होती आणि मुलं हसत होती. "समजा एक दिवा आहे. तो कधी जाईल मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही आणि दिव्यालाही माहीत नाही. आपल्या तिघांच्या अज्ञानाला आकार द्यायचा, एवढंच आपलं काम." मास्तर असेच बोलायचे. टाचण्या काढून ठेवल्या की.

तास सुटला. मुलं बाकावरच्या म्हातारीकडे बघत गेली. थोरली शेवटी बाहेर आली, हातांना खडू लागलेला, आणि आईला बघून तिचा चेहरा असा झाला की बाईंनी आधी तेच मिटवलं. "मेलं कुणी नाही. बस." "जिना चढून आलीस?" "उडून येता येत नाही मला." दोघी रिकाम्या वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. बाक मुलांच्या मापाचे होते, दोघींचेही गुडघे फळीला टेकले. बाईंनी सकाळचं सगळं सांगितलं, फुफ्फुसांचं, धुळीचं, डॉक्टरणीच्या खांद्याचंही. आकडाही सांगितला. तो शब्द मात्र त्यांनी गाळला. थोरलीनं तो आपणच म्हटला. "सरासरी." "हो. तेच." मग थोरली पंख्याकडे बघत म्हणाली, "मी माणसांचं करत नाही आई. तेव्हापासून नाही केलं. दिवे, पंप, टेलिफोनच्या लाइनी. माणसं नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हे वाईट होतं. बाईंना वाटलं आता बोलावं. जीभ आयुष्यभर कुणासाठी अडली नव्हती, ती टाळ्याला चिकटून बसली. त्या म्हणाल्या, "मला आकडा नकोय. तो डॉक्टरणीनं दिलाय. त्याच्या आत काय आहे ते दाखव. मी मधे बोलणार नाही."

थोरली उठली. फळ्यासमोर उभी राहिली, पाठ आईकडे. उजवा खांदा जरा पुढे आलेला, बाईंच्या लक्षात आलं, हा पूर्वी नव्हता. "सरासरी काढायचे दोन रस्ते आहेत," ती फळ्याशी बोलावं तशी बोलली. "एक म्हणजे सगळ्यांची आयुष्यं मोजायची, बेरीज करायची आणि माणसांनी भागायचं. त्यासाठी सगळी जायची वाट बघावी लागते. मला तो रस्ता आवडत नाही. दुसरा असा. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला दार वाजवायचं आणि विचारायचं, आहेस का? 'आहे' असं उत्तर यायची शक्यता किती, तेवढीच लिहायची. पुढच्या महिन्यात परत विचारायचं. ती शक्यता जराशी कमी, लिहायची. असं करत करत शेवटपर्यंत जायचं आणि ह्या सगळ्या 'आहे'ची बेरीज करायची. तीच सरासरी निघते. बरोबर तीच. शिकले तेव्हा मला रात्रभर खरं वाटलं नव्हतं." "म्हणजे मरणं मोजायचीच नाहीत?" बाई मधे बोलल्या. "एकही नाही. फक्त असणं मोजायचं." बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आणि ह्या शक्यता कुठून येतात?" "वितरणातून." "वितरण म्हणजे वाटप. कोण वाटतं?" "तो आमच्या विषयात येत नाही." तिच्या ओठाची कड हलली. बाईंचीही हलली असावी.

मग बाईंनी विचारलं नसतानाही तिनं सांगितलं. शंभर बायका उभ्या कर, म्हणाली, तुझ्यासारख्या. निम्म्या दोन वर्षांच्या आतच बसतील. पण काही सात-आठ वर्षं उभ्याच राहतील, जिने चढतील, रखवालदारांशी भांडतील. "त्या हट्टी बायकांमुळे ही सरासरी अडीच-तीनवर जाते. तू कुठली, हे मला कळत नाही. कुणालाच कळत नाही." ह्या वेळी बाईंनी सगळं ऐकलं. आधीची घाईची गर्दीही ऐकली आणि नंतरच्या एकट्यादुकट्याही ऐकल्या. हे तेव्हाही एवढंच सोपं होतं. तेव्हाही तिनं असंच, ह्याच क्रमानं सांगितलं होतं. आपण फक्त बसून राहायचं होतं, मास्तर ओठांत टाचण्या धरून गप्प बसत तसं. तेवढंही झालं नाही. आणि सगळं कळल्यावरही, ह्या घटकेलाही, आत कुठंतरी बोटं वळवळत होती, मोठ्या कापडासमोर वळवळतात तशी. "एक सांगू?" बाई हळूच म्हणाल्या. "मला अजून आकडा हवाच आहे गं. काहीतरी धरून बेतायला लागतं मला. दुसरं येतच नाही."

थोरली वळून त्यांच्याकडे बघत राहिली. मग फळ्यावर तिनं लिहिलं: १. त्याच्यापुढे बेरजेची खूण केली. खडू तिथंच टेकला आणि पुढे जाईना. "हा घे. एक." "एक काय? वर्ष?" "पहिल्यांदा दार वाजवलं त्याचं उत्तर. तिथं शक्यता-बिक्यता नाही. तू आहेस, म्हणून पूर्ण एक. सगळ्यांच्या बेरजेत पहिला हाच असतो. पुढचे मला लिहिता येतात, पण…" "नको लिहूस," बाई म्हणाल्या.

बोळातून पावलांचे आवाज येत होते. बाईंनी उघड्या पर्समध्ये हात घालून फोन काढला. "धाकट्याला लाव. मला त्यातली बटणं दिसत नाहीत." थोरलीनं लावून दिला आणि गरम भांडं द्यावं तसा घाईनं परत केला. खूप वेळ वाजून मग तो आवाज आला, मागे इंजिनाची घरघर. "आई? ह्या वेळी कसा काय?" बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडे घरघर तेवढी राहिली. मग तो म्हणाला, "किती म्हणतात?" बाईंनी फळ्यावरच्या एकाकडे बघितलं. "बरं, ऐक, पुढच्या सुटीत येतोच आहे मी. दिवाळखोर कंपनी आहे, आत्ता मागितली तर… एवढी घाई आहे का?" "घाई नाही काही." "मग?" "मी आहे, म्हणून ये."

हे बोलायला बाईंना श्वास पुरला नाही आणि शेवटचा शब्द नुसता हवेसारखा गेला. पण तो पोचला असावा, कारण पलीकडे तो काहीच बोलेना. असं मागणं बाईंनी आयुष्यात कुणाकडे केलं नव्हतं आणि केल्यावर काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन कानावरून काढला. "ताईशी बोल," त्या म्हणाल्या आणि तो थोरलीपुढे धरला. थोरलीनं हात मागे घेतला, मग पुढे केला. काळ्या काचेवर खडूची पांढरी बोटं उमटली. तिनं फोन कानाला लावला, पण तोंडातून शब्द निघेना, तिकडूनही निघेना. दाराशी पुढच्या तासाची मुलं येऊन उभी राहिली होती, आत यावं की नाही त्यांना कळत नव्हतं. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि त्या थोरलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. तिकडून आता फोन ठेवेल. आत्ता ठेवेल. अजून ठेवला नव्हता. घरघर त्यांना इथपर्यंत ऐकू येत होती. अजून ठेवला नव्हता.